इंग्रजी साहित्याच्या वर्गासाठी ऑनलाइन उपक्रम : नव्या प्राध्यापकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयात मी बी.ए.च्या वर्गांना इंग्रजी शिकवतो. मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी बेचाळीस पानांची एक पीडीएफ विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि खाली ‘वाचून घ्या, शंका असतील तर विचारा’ असे लिहिले. उत्तरादाखल ‘ओके सर’ असे एकसष्ट निरोप आले. शंका एकही आली नाही. पुढे काही महिन्यांनी मुले प्रत्यक्ष भेटली तेव्हा कळले, की ती फाइल उघडणारे जेमतेम सात-आठ जण होते आणि शेवटच्या पानापर्यंत पोहोचलेला एकच.

महाविद्यालये पुन्हा भरू लागल्यावरही मी ऑनलाइन काम सोडले नाही, मात्र त्याचे स्वरूप पार बदलले. नोट्स पाठवणे किंवा फळ्यापुढचे व्याख्यान मोबाइलच्या पडद्यावर देणे याला मी आता उपक्रम म्हणत नाही. विद्यार्थ्याला मूळ मजकुराकडे दोनदा-तीनदा परत जावे लागेल आणि शेवटी चार वाक्ये तरी स्वतःच्या इंग्रजीत लिहावी वा बोलावी लागतील, असे छोटे, नेमके काम म्हणजे उपक्रम. तासिका तत्त्वावर किंवा नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्यांनी माझ्याइतकी वर्षे चाचपडण्यात घालवू नयेत, म्हणून हे टप्पे सविस्तर मांडत आहे.

१. आधी वर्गाची पाहणी करा, साधन नंतर निवडा

पहिली चूक येथेच होते. ‘तुमच्याकडे इंटरनेट आहे का?’ हा प्रश्न आपण गूगल फॉर्मवर विचारतो आणि शंभर टक्के उत्तरे ‘आहे’ अशी येतात, कारण ज्यांच्याकडे ते नाही त्यांच्यापर्यंत फॉर्म पोहोचतच नाही. ही पाहणी कागदावर, वर्गात बसवूनच करावी. मोबाइल स्वतःचा की घरातला सामाईक, तो दिवसाच्या कोणत्या वेळी हाताशी असतो, घरी रेंज मिळते की बाहेर जावे लागते, टाइप करणे जमते का आणि कॉलेज सुटल्यावर काही काम असते का, हे पाच प्रश्न पुरेसे आहेत.

माझ्या वर्गात या पाहणीतून जे समजले त्यावर पुढचे सगळे नियोजन उभे राहिले. बऱ्याच मुलींच्या घरी एकच स्मार्टफोन असून तो वडिलांबरोबर किंवा भावाबरोबर कामावर जातो आणि रात्री आठ-साडेआठला घरी येतो. म्हणजे ‘संध्याकाळी सहापर्यंत उत्तर पाठवा’ ही मुदत त्यांच्यासाठी अस्तित्वातच नव्हती. जत आणि आटपाडी तालुक्यांतल्या वस्त्यांवर राहणारी काही मुले रेंजसाठी घरापासून लांब चालत जात होती. तासगाव-मिरज पट्ट्यातली मुले ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्चच्या काढणीत द्राक्षबागेत असतात. यावरून मी दोन नियम ठरवले आणि ते आजतागायत पाळतो. कोणत्याही उपक्रमाची मुदत किमान चार दिवसांची असेल आणि त्या चार दिवसांत एक रविवार येईल. आणि कोणताही उपक्रम पूर्ण करायला दिवसाच्या नेटपॅकचा लहानसा हिस्साच लागेल, म्हणजे व्हिडिओ पाहणे किंवा पाठवणे सक्तीचे नसेल.

२. जुळवाजुळव

काम सुरू करण्यापूर्वी पुढील गोष्टी हाताशी असाव्यात :

- चालू सत्राच्या अभ्यासक्रमाची प्रत. अंतर्गत मूल्यमापनाला किती गुण आहेत, ते त्यात खुणा करून ठेवावे.
- रोल नंबरनुसार विद्यार्थ्यांची यादी. टोपणनावाने आलेली उत्तरे ओळखण्यात माझा एक पूर्ण रविवार गेला आहे.
- केवळ शिकवण्यासाठी उघडलेले स्वतंत्र गूगल खाते. विनामूल्य खात्यात एकूण १५ जीबी जागा मिळते. घरचे फोटो आणि विद्यार्थ्यांची उत्तरे एकाच ठिकाणी ठेवल्यास ती वर्षभरात संपते.
- विभागप्रमुखांची लेखी संमती आणि त्यांना दिलेली उपक्रमांची एक पानी रूपरेषा.
- एक स्वस्तातला, जुना मोबाइल. प्रत्येक लिंक आधी त्यावर उघडून पाहावी. आपल्या लॅपटॉपवर सुरेख दिसणारा तक्ता पाच इंची पडद्यावर वाचता येत नाही, हे विद्यार्थी संकोचाने सांगत नाहीत.

साधनांची गर्दी करू नये. सुरुवातीला मी दर आठवड्याला नवे ॲप आणत असे आणि मुलांची शक्ती साहित्यापेक्षा पासवर्ड आठवण्यात जात असे. आता गूगल क्लासरूम, गूगल फॉर्म, गूगल डॉक्स आणि व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज एवढ्यावर माझे सत्र निभावते. थेट संवाद घ्यायचाच झाला, तर झूमच्या विनामूल्य खात्यावर बैठक ४० मिनिटांत बंद पडते आणि गूगल मीटवर तिघांहून अधिक असतील तर ६० मिनिटांत, हे लक्षात ठेवून आखणी करावी.

३. मजकूर निवडताना स्वामित्वहक्क तपासा

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. सरोजिनी नायडू १९४९ मध्ये वारल्या, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता २०१० पासून मुक्त आहेत. येथे एक सापळा आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या विनामूल्य ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर एखादे पुस्तक दिसले म्हणजे ते आपल्याकडेही मुक्त आहे, असे समजले जाते. पण तेथील निवड अमेरिकेच्या कायद्यानुसार होते. ई. एम. फॉर्स्टर यांची ‘अ पॅसेज टू इंडिया’ ही १९२४ ची कादंबरी अमेरिकेत मुक्त झाली आहे, पण फॉर्स्टर १९७० मध्ये वारले असल्याने भारतात तिचा हक्क २०३० अखेरपर्यंत आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने मजकुराची प्रत काढण्यास १९५७ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमात सूट आहे. ती सूट वर्गापुरती समजावी आणि संपूर्ण पुस्तक कोणालाही उघडता येईल अशा लिंकवर ठेवू नये.

४. पहिला उपक्रम कथेचा घ्या : थांबत थांबत वाचन

सुरुवातीस लहान कथा घ्यावी. मी केट शोपँ यांची ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ ही १८९४ सालची, सुमारे हजार शब्दांची कथा घेतो. रेल्वे अपघातात नवरा गेल्याची बातमी मिसेस मॅलर्ड यांना कळते येथे ती सुरू होते आणि तासाभरात संपते.

गूगल फॉर्ममध्ये कथेचे पाच भाग पाच स्वतंत्र सेक्शनमध्ये ठेवावेत. पहिल्या चार भागांखाली एकच प्रश्न असावा : आता पुढे काय होईल आणि तसे तुम्हाला कोणत्या शब्दांवरून वाटले? उत्तर सक्तीचे ठेवल्यास ते लिहिल्याशिवाय पुढचा भाग उघडत नाही. थांबे कोठे घ्यायचे, यावर सारे अवलंबून असते. बातमी ऐकून ती रडते तेथे पहिला, ती एकटीच खोलीत जाऊन उघड्या खिडकीसमोर बसते तेथे दुसरा, तिच्या ओठांतून पुटपुटल्यासारखा एक शब्द बाहेर पडतो त्याच्या अगदी आधी तिसरा, आणि दाराच्या कुलपात किल्ली फिरते तेथे चौथा.

कथेचे व लेखिकेचे नाव मात्र पाचव्या भागापर्यंत देऊ नये. पहिल्या वर्षी मी ते वर छापले होते आणि निम्म्या वर्गाने पहिल्याच थांब्यावर कथेचा शेवट अचूक ओळखला. माझ्या अध्यापनाचा हा चमत्कार पाहून मी दोन दिवस खूश होतो.

नाव झाकल्यावर खरी उत्तरे येऊ लागली. दुसऱ्या थांब्यावर बहुतेकांनी ती बेशुद्ध पडेल, आजारी पडेल, माहेरी निघून जाईल असे लिहिले. एका मुलीने मोडक्या इंग्रजीत लिहिले होते, की खिडकीबाहेर झाडांना नवी पालवी आहे, पक्षी आहेत, पावसाचा वास आहे. एवढे सगळे चांगले लेखिकेने उगाच सांगितलेले नाही, या बाईला बरे वाटणार आहे. काळाचे प्रयोग तीन ठिकाणी चुकले होते. तरी तपशिलावरून अर्थाकडे जाणे म्हणजे काय, हे मी त्या वर्षी तिच्या उत्तरावरूनच वर्गाला समजावले. म्हणून अशा उत्तरांतून पाच-सहा निवडावीत, नावे काढून टाकावीत आणि पुढच्या प्रत्यक्ष तासाला फळ्यावर लिहून त्यांवर चर्चा घ्यावी. ऑनलाइन काम आणि वर्गातला तास यांचा असा सांधा जुळला नाही, तर दुसऱ्या उपक्रमाला प्रतिसाद निम्म्यावर येतो.

५. कवितेसाठी आवाज वापरा, मग स्वतःचा बाजार

कविता आधी कानावर पडावी. सरोजिनी नायडू यांची ‘इन द बझार्स ऑफ हैदराबाद’ ही तीस ओळींची, पाच कडव्यांची कविता या कामाला फार सोयीची आहे, कारण ती प्रश्नोत्तरांत चालते : व्यापारी, केशर-डाळ-तांदूळ विकणारे, सोनार, फळवाले, फुले गुंफणाऱ्या मुली यांना कोणीतरी विचारत जाते आणि ते उत्तर देत जातात. पाच-पाच जणांचे गट करून प्रत्येक गटाला एक कडवे द्यावे. गटातील एकाने प्रश्न आणि इतरांनी उत्तरे म्हणावीत व व्हॉइस मेसेज पाठवावा. एका मिनिटाचा असा मेसेज एक एमबीच्या आत राहतो. तेच व्हिडिओवर मागवाल, तर विद्यार्थ्याचे नेटपॅक आणि आपल्या खात्यातील जागा दोन्ही संपतील.

दुसऱ्या आठवड्यात त्याच गटांनी गूगल डॉक्सवर स्वतःच्या गावच्या बाजारावर सहा ओळींचे एक कडवे लिहायचे. सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे सौदे, तासगावचे बेदाण्याचे सौदे, मिरजेतली तंतुवाद्यांची दुकाने, आठवडी बाजारातला भांडीवाला, काहीही चालेल. येथे भाषेचे शिक्षण आपोआप घडते. हळकुंडाला आणि गड्ड्याला इंग्रजीत काय म्हणतात, हा प्रश्न एका गटाला पडला. त्यातील एकाचे वडील अडत्याकडे हमाली करतात. त्यांच्याकडून मुलाने शोधून आणले, की परदेशी जाणाऱ्या मालाच्या कागदावर ‘फिंगर’ आणि ‘बल्ब’ असे लिहिलेले असते. शब्दकोशात हे शब्द होतेच, पण हळदीच्या पोत्यावरून ते वर्गात आले तेव्हा कोणी विसरले नाही.

एक इशारा. एवढ्यावर थांबल्यास उपक्रम वस्तूंची यादी करण्यापुरता उरतो. मूळ कवितेच्या शेवटच्या कडव्यात फुलांचे मुकुट नवरदेवाच्या कपाळासाठी आहेत आणि पांढऱ्या फुलांच्या चादरी मृतांसाठी आहेत. इतक्या रंगीत बाजाराचा शेवट कवयित्रीने तेथे का केला, हा प्रश्न शेवटी विचारलाच पाहिजे, आणि गटाच्या कडव्याची शेवटची ओळही तशीच विचार करून लिहायला सांगितली पाहिजे.

६. नाटकासाठी एका वस्तूचा माग काढा

पाच अंकांचे नाटक ऑनलाइन वाचून घेण्याचा प्रयत्न करू नये, तो फसतो. शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ शिकवताना मी फक्त रुमालाचा प्रवास घेतो. ऑथेल्लोने पत्नी डेस्डेमोनाला दिलेला रुमाल तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात खाली पडतो, एमिलिया तो उचलून आपल्या कारस्थानी नवऱ्याला, इयागोला देते, इयागो तो कॅसिओच्या खोलीत टाकतो, कॅसिओ बियांकाला देतो आणि चौथ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात ती तो परत आणून देते तेव्हा ऑथेल्लो लपून पाहत असतो. सामाईक तक्त्यात चार स्तंभ करावेत : अंक-प्रवेश, रुमाल कोणाच्या हातात, ती व्यक्ती त्याबद्दल काय म्हणते, आणि तिला खरे किती माहीत आहे. प्रत्येक गटाला एकच ओळ भरायची असते. चौथा स्तंभ भरताना मुले आपसांत भांडतात, आणि ते भांडणच मला हवे असते.

सामाईक तक्त्यात कोणाच्या तरी बोटाने दुसऱ्याची ओळ पुसली जातेच. घाबरून नव्याने लिहायला सांगू नये; व्हर्जन हिस्टरीमध्ये जाऊन आधीची प्रत परत आणता येते. हे माहीत नसल्याने मी एका गटाकडून तीच ओळ तीनदा लिहून घेतली होती.

७. आवश्यक (सर्वांना सक्तीच्या) इंग्रजीच्या वर्गासाठी

येथील बहुसंख्य विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेले असतात, त्यामुळे चुकांचे मूळ बहुधा मराठीत सापडते. मराठीत आर्टिकल नसते. म्हणून शंभर-सव्वाशे शब्दांचा एक परिच्छेद सर्व ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ काढून द्यावा आणि गटाने ते परत बसवावेत, प्रत्येक जागेचे कारण मराठीत सांगितले तरी चालेल. ‘व’ या एकाच अक्षराने आपण इंग्रजीतले दोन वेगळे ध्वनी भागवतो. त्यासाठी दहा शब्दांच्या जोड्या म्हणून पाठवायचा व्हॉइस मेसेज उपयोगी पडतो. आपला प्रतिसादही आवाजातच द्यावा. लाल शाईपेक्षा तो कमी बोचतो आणि आपला वेळही वाचतो.

८. तपासणी, गुण आणि यंत्राने लिहिलेली उत्तरे

साठ विद्यार्थ्यांची सगळी उत्तरे शब्दशः तपासण्याचा संकल्प तिसऱ्या आठवड्यात मोडतो. वस्तुनिष्ठ प्रश्न फॉर्मच्या क्विझ रचनेत ठेवून गुण आपोआप येऊ द्यावेत. मुक्त उत्तरांपैकी दर वेळी एक तृतीयांश रोल नंबरांची उत्तरे नीट वाचावीत, म्हणजे तीन उपक्रमांत पूर्ण वर्ग वाचून होतो.

उत्तरे लिहून देणाऱ्या यंत्रांचा प्रश्न आता टाळता येत नाही. मागील एका सत्रात अडतीस उत्तरांपैकी अकरांची सुरुवात जवळजवळ एकाच वाक्याने झालेली होती आणि त्या अकरांत एकही स्पेलिंग चुकलेले नव्हते. उत्तर यंत्राचे आहे की नाही हे ओळखून देण्याचा दावा करणाऱ्या साधनांवर मी विसंबत नाही. त्यांच्या सांगण्यावरून एखाद्या प्रामाणिक विद्यार्थ्याला खोटे ठरवणे फार वाईट. त्याऐवजी तीन गोष्टी करतो. प्रश्नात स्थानिक किंवा वर्गातील चर्चेचा संदर्भ गुंफतो. लेखन गूगल डॉक्सवरच करून घेतो, म्हणजे मजकूर हळूहळू वाढत गेला की एका क्षणात येऊन पडला, हे व्हर्जन हिस्टरीत दिसते. आणि कोणत्याही पाच जणांना तासाच्या शेवटी आपल्या उत्तरावर दोन मिनिटे बोलायला सांगतो. त्या अकरा जणांना मी रागावलो नाही; त्यांना यंत्राचे उत्तर छापून दिले आणि त्यातील कोणते विधान मूळ कथेत सापडत नाही ते शोधायला लावले. त्यांना दोन विधाने सापडली.

९. खासगीपणा : हे सर्वांत आधी वाचले तरी चालेल

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा मोबाइल क्रमांक सर्वांना दिसतो. एका महाविद्यालयात अशाच ग्रुपमधून मुलींचे क्रमांक बाहेर गेले आणि दोघींना घरच्यांनी मोबाइल वापरण्यास मनाई केली. त्यांचे त्या सत्राचे ऑनलाइन काम तेथेच संपले. त्यामुळे सूचना व कामे गूगल क्लासरूमवर द्यावीत. व्हॉइस मेसेज ग्रुपवर मागवू नयेत, थेट शिक्षकाच्या क्रमांकावर मागवावेत, आणि गटातील संपर्क मुलामुलींनी आपापल्या संमतीने ठरवावा. विद्यार्थ्याचा आवाज, फोटो किंवा लेखन वर्गाबाहेर दाखवायचे असल्यास लेखी संमतीपत्र घ्यावे. संमती न देणाऱ्याचे गुण कमी होणार नाहीत, हे त्या पत्रावरच छापावे. डॉक्सची लिंक ‘कोणीही बदल करू शकेल’ अशी उघडी सोडण्याऐवजी गटातील सदस्यांच्या ईमेलपुरती ठेवावी. नाहीतर व्हर्जन हिस्टरीत कोणी काय लिहिले, याची नावेही दिसत नाहीत.

१०. नोंदी आणि वेळापत्रक

प्रत्येक उपक्रम संपल्यावर त्याच आठवड्यात एक पानी अहवाल लिहून ठेवावा : तारीख, वर्ग, उद्दिष्ट, सहभागी संख्या, दोन नमुना उत्तरे, एक स्क्रीनशॉट. नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) तपासणीवेळी चार वर्षांपूर्वीचे पुरावे शोधत बसण्याची वेळ मग येत नाही.

सत्रात चारपेक्षा जास्त उपक्रम घेऊ नयेत आणि दोन उपक्रमांत पंधरा दिवसांचे अंतर ठेवावे. पहिला उपक्रम बिनगुणांचा असावा. ज्यांच्याकडे मोबाइलच नाही त्यांच्यासाठी त्याच प्रश्नांची छापील प्रत ग्रंथालयात ठेवावी. ती भरून घ्यायची वेळ दुपारच्या सुट्टीतली असावी. कॉलेज सुटल्यानंतरची ठेवल्यास मुलांची एसटी चुकते.